शादाबच्या मंगनीची बातमी

काळीपिवळीत माणूस बसत नाही, भरला जातो. दारव्ह्याच्या स्टँडवर ड्रायव्हर ‘सरका, सरका, अजून एक बसते’ म्हणत राहतो, आणि खरंच अजून एक बसतो. बोंडअळीच्या त्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका गार सकाळी, नुजहत अशीच मागच्या बाकड्याच्या कोपऱ्यात कोंबली गेली होती. मांडीवर बॅग, बॅगेवर डबा, आणि समोर कोण बसलंय ते बघायला मानही वळत नव्हती.

जीप लाडखेडच्या पुढे आली असेल, तोच सगळ्यांचे फोन एका पाठोपाठ एक वाजले. कुठल्याशा ग्रुपवरून निरोप आला होता : ‘आजपासून यवतमाळचा कापूस बाजार बेमुदत बंद. गाड्या आणू नका. सर्वांना कळवा.’ दाराशी बसलेले धावजी नावाचे म्हातारे एकदम कासावीस झाले. त्यांचा कापूस टेम्पोत घालून पोरगा पहाटेच पुढे गेला होता. ते फोन काढून पोराला परत फिर म्हणून सांगायला लागले.

“थांबा बाबाजी, अगोदर विचारू तं द्या,” नुजहत म्हणाली, आणि तिनं बाजाराच्या ऑफिसचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. इतक्या सकाळी त्या ऑफिसला कोण एवढं बोलत बसलंय, म्हणून ती चरफडली. आणि तेव्हाच समोरच्या गर्दीतून एक शांत आवाज आला, “बरं साहेब... म्हणजे बाजार चालू हाये. काटाही सुरू झाला. मेहेरबानी.”

दोन टोपल्या आणि एका पोत्याच्या फटीतून तिला तो दिसला. कानामागे पेन खोचलेलं, डोळे झोपाळू, आणि ओठांवर नको तितकं हसू. धावजींना त्यानं बाजार चालू असल्याचं सांगितलं. मग तिच्याकडे बघितलं.

“तुमच्यापाईच माझा फोन लागत नव्हता,” नुजहत म्हणाली.

“मंग आता लावा ना. एकाच्या सांगण्यावर कायले विश्वास ठेवता?”

हे त्यानं गमतीनं म्हटलं होतं. पण नुजहत नुजहत होती. तिनं खरंच फोन लावला, साहेबांना तोच प्रश्न पुन्हा विचारला, साहेब वैतागले, आणि तिनं जीपमध्ये जाहीर केलं की बाजार चालू आहे. तो हसला... आवाज न करता, नुसते खांदे हलवत. नुजहतला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच तिला जरा राग आला.

यवतमाळला उतरून ती कॉलेजच्या फाटकाशी आली तर हा मागेच. तुम्ही इथं कुठं, म्हणून दोघांनी एकाच वेळी विचारलं. तो शादाब, पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला, मूळ मारेगावचा. दोन महिने एका वर्तमानपत्रात उमेदवारीला गेलेला, म्हणून पहिल्या वर्षाच्या नुजहतनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. भावाची सासुरवाडी दारव्ह्याची, तिथून परतत होता. एवढं सगळं फाटकापासून वर्गाच्या दारापर्यंत सांगून झालं, आणि दाराशी तो थांबला.

“कापूस,” तो तिच्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाला.

जीपमधल्या कुणाच्या तरी पोत्याचा एक तंतू तिच्या ओढणीला चिकटला होता. तिनं उजवा खांदा झटकला. तो म्हणाला, दुसरा. तिनं झटकला, पण तंतू हटला नाही. त्यानं हात पुढे केला, आणि मग हवेतच मागे घेऊन तो हात कानामागच्या पेनाला लावला. वर्ग सुरू झाला तरी नुजहतचं लक्ष डाव्या खांद्यावर होतं.

त्या वर्षी जिल्ह्यात कापसापेक्षा अफवांचं पीक जास्त आलं होतं. बोंडात अळी, फवारणीनं माणसं दवाखान्यात, टीव्हीवाले गल्लोगल्ली, आणि प्रत्येकाच्या खिशात एक फोन. मिठाचं पाणी फवारलं की अळी पळते, अमक्या तारखेनंतर कापूस कुणी घेणारच नाही, तमक्या गावाला भरपाई मिळाली — रोज काहीतरी नवं. माणसं बिचारी घाबरलेली. घाबरलेला माणूस चटकन विश्वास ठेवतो आणि त्याहून चटकन पुढे ढकलतो. तर विभागाच्या सुमेधा मॅडमनी एक काम काढलं. व्हरांड्यात एक मोठा फळा लावला. गावात फिरणारा कुठलाही निरोप उचलायचा, त्याचा छडा लावायचा, आणि खरं काय ते फळ्यावर खडूनं लिहायचं. नियम एकच. दोन वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या माहितीनं तेच सांगितल्याशिवाय फळ्यावर अक्षर उमटता कामा नये. मुलं त्याला ‘दोन तोंडं’ म्हणत. “दोन तोंडं झाली का?” हे त्या विभागात नमस्कारासारखं झालं होतं.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या जोड्या लागल्या. नुजहतच्या वाट्याला शादाब आला. कसा आला ते मॅडमना ठाऊक. काही जणी म्हणतात की त्यानं साकेतशी अदलाबदल केली. ह्याची मात्र दोन तोंडं कधी झाली नाहीत.

खिडकीजवळचं टेबल त्यांचं. एकानं एका गावाला फोन लावायचा, दुसऱ्यानं दुसऱ्या गावाला, आणि मग उत्तरं जुळवायची. सुरुवातीला ‘तुम्ही’ होतं. मग त्या मिठाच्या पाण्यावरून दोघांचं भांडण झालं. तो म्हणे कृषी अधिकाऱ्याला विचारलं, बस झालं. ती म्हणे ज्यानं फवारलं त्यालाही विचार. आणि भांडता भांडता त्याच्या तोंडून निघून गेलं, “तू ना, लय जिद्दी हायेस.”

तो फोनकडे बघायला लागला, ती खिडकीकडे. बाहेर कुणीतरी बोरं विकत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “तूही काही कमी नाहीस.” झालं. ‘तुम्ही’ त्या दिवशी जे गेलं ते पुन्हा त्या टेबलाशी फिरकलं नाही.

आता ह्याला काय म्हणायचं? प्रेम म्हणावं, तर तो तसं चकार शब्द बोलला नव्हता. मैत्री म्हणावी, तर मुस्कानही तिची मैत्रीणच की. पण मुस्कान एक दिवस आली नाही म्हणून डब्यातली भाजी अळणी लागत नव्हती. तो वर्गात आला की नुजहत मुद्दाम दुसरीकडे बघायची, आणि तो दुसरीकडे बघत असला की तिला वाईट वाटायचं. गावभरच्या निरोपांचा छडा ती दोन फोनांत लावत होती. स्वतःच्या जिवाचा काही केल्या लागेना. कुणाला विचारणार? आणि दोन तोंडं आणणार कुठून?

त्यातच पुसदचा रिश्ता आला.

नुजहतचे अब्बा, अब्दुल गनी, दारव्ह्याला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवत. शेतातल्या जळक्या मोटारी येत, ते तार भरून देत. घर दुकानाच्या मागेच, मध्ये फक्त पडदा. अब्बा घरात हिंदी बोलत. पण दिवसभर गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी बोलून बोलून असं झालं होतं की काही मनाला लागलं, किंवा गंभीर काही सांगायचं असलं, की ते घरातही आपोआप वऱ्हाडीवर येत. अम्मी म्हणे, मोटार जळल्यासारखं बोलू नका.

मुलगा चांगला होता, हीच पंचाईत. पुसदला मोबाइलचं दुकान, सुपारीचंही व्यसन नाही, फोटोत कपाळावर मोकळेपणा. खोट काढायला जागा नाही. नुजहतनं परीक्षेचं निमित्त काढलं, मग थंडीचं काढलं, मग काहीच न काढता नुसती गप्प राहिली. अम्मी रोज विचारायची. अब्बा एकदाच बोलले, आणि बोलले ते वऱ्हाडीत. तुझ्या मनाच्या बाहेर काही होणार नाही, पण मन काय म्हणते ते तुलाच सांगा लागन, असं ते म्हणाले. मन काय म्हणतं? नुजहतला वाटे, त्यानं एकदा तरी काही बोलावं, मग आपण घरी तोंड उघडू.

आणि जानेवारीत, दारव्ह्याच्या आठवडी बाजारात, तिनं ते पाहिलं.

बांगड्यांच्या दुकानाशी शादाब. सोबत एक बाई, आणि तिच्या शेजारी एक तरुण मुलगी, हिरव्या दुपट्ट्यातली. बांगडीवाली चाची त्या मुलीचा हात हातात धरून माप बघत होती, आणि शादाब... शादाब एकेक बांगडी उचलून उजेडाला धरून बघत होता. हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत. नुजहत तिथल्या तिथे वळली. मेथी घ्यायची नव्हती, तरी दोन जुड्या घेतल्या. अम्मीनं विचारलं तर म्हणाली, ताजी दिसली.

रात्रभर तिनं स्वतःशी वाद घातला. डोळ्यांनी पाहिलेलं म्हणजे सगळं कळलेलं नव्हे, असं मॅडम सांगत. बरोबर आहे. विचारायला हवं. पण कुणाला? दुसऱ्या दिवशी मुलींच्या खोलीत तिनं मुस्कानला धरलं, अगदी सहज विचारल्यासारखं दाखवून.

“काय व, शादाबची मंगनी झाली काय? बाजारात पाह्यलं म्या त्याले. बांगड्या घेऊन राह्यलता. पोरगी होती संगं.”

मुस्कान म्हणाली, मला काही माहीत नाही बाप्पा, पण विचारते. नुजहत म्हणाली, राहू दे, मला काय करायचं. पण ‘विचारू नको’ असं काही म्हणाली नाही.

तीन दिवसांनी कोकिळा, होस्टेलवरची, जिन्यात भेटली. कळलं काय, म्हणाली, शादाबचं जमलं. बांगड्याही घेऊन झाल्या. पण नुजहत पत्रकारितेची विद्यार्थिनी. हे एक तोंड झालं, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि वाट बघितली. दुसऱ्या दिवशी साकेतनं चहाच्या टपरीवर सगळी हकिगतच सांगितली. पोरगी दारव्ह्याची, हिरव्या दुपट्ट्यातली, भावाच्याच नात्यातली, लग्न ईदनंतर. साकेत आणि कोकिळा तर एकमेकांशी बोलतही नाहीत, असं नुजहतला वाटत होतं. दोन तोंडं झाली होती. वर तिचे स्वतःचे डोळे. आणि हिरवा दुपट्टा? तो साकेतला कुठून माहीत असणार, खरं असल्याशिवाय?

तिनं चहा संपवला. गार झाला होता, तरी संपवला.

त्याच संध्याकाळी अम्मीनं विचारलं आणि नुजहत म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. अम्मीनं तिच्यावरून बोटं मोडून अलाबला घेतली, डोळे पुसले आणि पुसदला फोन लावला. रविवारी या, बात पक्की करून टाकू. अब्बा जेवता जेवता थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. ती पोळी मोडत होती. किती बारीक मोडत होती, ते तिला नंतर दिसलं.

खिडकीजवळच्या टेबलावर आता ती परीक्षेचं कारण सांगून बसत नव्हती. शादाबही गप्प गप्प झाला होता. मुलं त्याला मुबारक म्हणत, पाठीत धपाटे घालत, आणि तो ना हो म्हणे, ना नाही. नुसता एकदा नुजहतकडे बघे. आता कायले बघतोस, असं तिला ओरडावंसं वाटे. मनात दुसरी आणि डोळे इकडे... ही कुठली रीत? तिला त्याचा राग यायचा, मग स्वतःचा, मग त्या मेथीचासुद्धा.

शुक्रवारी सुमेधा मॅडमनी तासाला सांगितलं, आज एका अफवेचा माग काढू या, उलटा, शेवटापासून सुरुवातीपर्यंत. कोणाकडे आहे एखादी?

शादाब उठला. “मॅडम, माझी मंगनी घ्या.”

वर्ग खो खो हसला. मॅडमना वाटलं चेष्टा करतोय. पण तो फळ्याशी गेला, खडू घेतला आणि म्हणाला की माझी मंगनी झाली आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. काल मारेगावहून अम्मीचा फोन आला. तिलाही कुणीतरी मुबारकबाद दिली. अम्मी विचारत होती, ही कोणती सून, ते तरी सांग.

नुजहतच्या कानात एकदम शिट्टी वाजल्यासारखं झालं. मंगनी झालेली नाही. म्हणजे... झालेलीच नाही? तिला आधी इतका आनंद झाला की बाकाची कड घट्ट धरावी लागली; आणि पाठोपाठ रविवार आठवला.

फळ्यावर शादाबनं ‘साकेत’ लिहिलं. साकेत उठून म्हणाला, मला कोकिळानं सांगितलं. कोकिळा आणि साकेत बोलत नाहीत हे नुजहतचंच अज्ञान. सगळा वर्ग ‘ओहो’ करून ओरडला, तेव्हा तिला ते कळलं. ईदनंतरचं लग्न कुठून आणलं, असं मॅडमनी विचारलं. साकेत डोकं खाजवत म्हणाला, मॅडम, मंगनी झाली म्हणजे लग्न ईदनंतरच असंन ना. आणि शादाबच्या भावाची सासुरवाडी दारव्ह्याची, म्हणून पोरगीही तिथलीच, नात्यातलीच. म्हणजे तेवढं त्यानं घरचं घातलं होतं. मग फळ्यावर कोकिळा. कोकिळाला कुणी सांगितलं? मुस्काननं. हिरव्या दुपट्ट्यासकट? हो, दुपट्ट्यासकट.

शादाबनं ‘मुस्कान’ लिहिलं, खाली एक बाण काढला आणि वळला. “मुस्कान, तुले कोणं सांगितलं?”

मुस्कान उभी राहिली. चांगली पोरगी, तिनं शेजारी बघितलंसुद्धा नाही. आठवत नाही, म्हणाली. मॅडम म्हणाल्या, इथंच तर सगळे माग हरवतात, आठव बरं. वर्ग हसत होता. मुस्कानचे कान लाल झाले, बोटं ओढणीशी चाळा करायला लागली, आणि तरी ती आठवत नाही, आठवत नाही म्हणतच राहिली.

नुजहतला ते बघवलं नाही. ती उठली.

“म्या. म्या सांगितलं नाही मॅडम, विचारलं होतं. मंगनी झाली काय, एवढंच विचारलं. बांगड्या घेताना पाह्यलं होतं म्हणून.”

“आणि दुपट्टा?”

“मंग मुस्कान म्हणे पोरगी कशी होती... तर दुपट्टाही म्याच सांगितला.”

म्हणजे तिचाच प्रश्न मुस्कानकडून कोकिळाकडे, कोकिळाकडून साकेतकडे फिरून, उत्तर होऊन तिच्याकडे परत आला होता. दोन तोंडं वेगळी नव्हतीच. दोन्ही तोंडांत बोलत होती ती नुजहतच. सुमेधा मॅडम खुशीत आल्या. बघा, म्हणाल्या, खातरजमा करायला निघालेला माणूसच बातमी कशी पेरून येतो. दहा जणांना विचारलं, पण —

आणि मॅडमनी अगदी साधेपणानं, शिकवण्याच्या ओघात, विचारलं, “पण नुजहत, सरळ शादाबलाच का नाही विचारलंस? रोज एका टेबलाशी तर बसता.”

वर्गातला आवाज बसला. एकेकाच्या डोक्यात उजेड पडताना दिसत होता. आधी मुस्कानच्या, मग कोकिळाच्या, मग उशिरानं साकेतच्याही. अवघ्या जगाला फोन लावून प्रश्न विचारणारी पोरगी एका माणसाला एक प्रश्न का विचारू शकत नाही, ह्याचं कारण एकच असतं. नुजहत मान खाली घालून उभी होती. तिनं कसंबसं वर बघितलं. शादाबच्या हातातला खडू तुटला होता आणि तो हसत नव्हता.

मॅडमनाही उजेड पडला असावा. त्या म्हणाल्या, बरं बरं, आज इथंच थांबू.

तास सुटला. नुजहत जवळजवळ धावतच बाहेर पडली, पण फाटकापाशी तो पुढे येऊन उभा राहिला. धापा टाकत होता.

मग त्यानं सगळं एका दमात सांगितलं. त्या दिवशी तो बाजारावर लेख लिहायला गेला होता. कापूस बसला तसा बाजार किती बसला, ते बांगडीवालीच्या तोंडून त्याला हवं होतं. बाईमाणूस सोबत असल्याशिवाय चाची कुणा पोट्ट्याशी बोलायची नाही, म्हणून भाभीला आणि भाभीच्या बहिणीला घेऊन गेला. भाभीची बहीण बारावीत आहे, आणि ती त्याला भाईजान म्हणते, हे त्यानं दोनदा सांगितलं.

“मंग नाही म्हणून काहून नाही सांगितलंस सगळ्याइले?” नुजहतनं विचारलं.

“सांगणार होतो. पण पाह्यलं, सगळा वर्ग मले मुबारक म्हणून गेला, तू नाही. म्हटलं आज विचारन, उद्या विचारन... एकदा तरी विचारन. तू तं टेबलावरूनच उठून गेली. मले वाटलं, इले काही फरकच नाही पडत.”

“फरक नाही पडत?” तिचे डोळे भरून आले. “घरी हो म्हणून आली मी. पुसदचे लोक येऊन राह्यले रविवारी.”

त्याचा चेहरा उतरला. एवढा वेळ हात हलवून बोलणारा माणूस हात खाली सोडून उभा राहिला. रस्त्यावरून कापसाचा एक ट्रॅक्टर गेला.

“शादाब,” ती म्हणाली, “आता विचारते. तुझ्या मनात कोणी हाये काय?”

“हाये.”

“कोण?”

“अम्मीले तं डिसेंबरातच सांगितलं होतं. अम्मी म्हणे, पोरीले विचारलं काय? म्हटलं नाही. म्हणे, मंग मले कायले सांगतो?” तो थांबला. “तू, नुजहत. जीपमध्ये तू तो फोन पुन्हा लावला ना... तवापासून. पण मले नोकरी नाही अजून. काही पक्कं नाही माझं. हे सांगतलं नाही तं तुझ्याशी बेइमानी होईन.”

सरळ प्रश्न, सरळ उत्तर. एवढ्यासाठी ती इतके दिवस मेथी खात होती. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं ते कळेना. तो म्हणाला, मी येतो दारव्ह्याला, तुझ्या अब्बांशी बोलतो. ती नको म्हणाली. हो म्या म्हटलं, तं नाहीही मीच म्हणीन. तू मागून ये, अम्मीला घेऊन.

“आणि अब्बा ऐकले नाहीत तं?”

“मले नाही माहीत,” ती म्हणाली, आणि काळीपिवळीकडे निघाली. मागे वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बघितलं. तो तिथंच उभा होता.

अब्बा दुकानात ग्राइंडरवर एका मोटारीचं कव्हर घासत होते. ठिणग्या उडत होत्या. फकिरा नावाचं गिऱ्हाईक बाकड्यावर बिडी धरून बसलं होतं, समोरच्या सलूनमध्ये गाणी लागली होती, शेजारच्या गिरणीचा पट्टा धडधडत होता. दुपारचा दारव्हा जसा असतो तसा होता. नुजहतच्या छातीतही गिरणीच चालू होती. आत्ता नाही बोलले तर अम्मी रविवारच्या मिठाईची ऑर्डर देऊन येईल, हे तिला ठाऊक होतं.

“अब्बा, पुसदच्या लोकाइले नका बोलावू.”

अब्बांनी ग्राइंडर न थांबवता भुवई वर केली. ऐकू आलं नव्हतं. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्यांनी कव्हर फिरवलं, दुसरी बाजू लावली.

“काहून?” ते म्हणाले. वऱ्हाडीत.

म्हणजे ऐकलं होतं. परीक्षा म्हणावं का? नोकरी करायची आहे म्हणावं? दोन्ही खरंच होतं, आणि दोन्ही कारण नव्हतं. ती काहीतरी पुटपुटली. ग्राइंडर किंचाळला. अब्बांनी कानाशी हात नेऊन मोठ्यानं बोल अशी खूण केली.

तिनं डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

“मले शादाब आवडते.”

आणि लाइन गेली.

‘मले’ ग्राइंडरखाली दबला असेल. बाकीचं मात्र लख्ख शांततेत उमटलं. ग्राइंडर थांबला, गिरणी थांबली, सलूनमधलं गाणं अर्ध्यात तुटलं. सलूनमधला दाढीचा माणूस फेसासकट दारात आला. फकिराची बिडी ओठाशीच राहिली. मागचा पडदा हलला आणि त्यातून अम्मीचा नुसता हात दिसला, पीठ लागलेला. नुजहतला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण वाइंडिंगच्या दुकानातली जमीन, तेलानं घट्ट झालेली, ती कुठली फाटते.

अब्बांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. लेकीकडे बघितलं. त्या दिवशी पोळी मोडताना बघितलं होतं तसंच, पण ह्या वेळी त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

“त्याले माहीत हाये?”

“हो.”

“कोणं सांगितलं त्याले?”

“म्याच विचारलं, अब्बा.”

“आणि त्या दिवशी आमाले हो म्हटलं ते?”

“ते खोटं होतं.” ती रडायला लागली. “माझी चूक झाली.”

अब्बांनी कव्हर बाजूला ठेवलं. पोट्टा कोणाचा, कुठला, काय करतो, हे सगळं नंतर बसून सांगजो, एवढं म्हणाले. अम्मीचा हात पडद्यामागे गेला आणि आतून एक मोठा उसासा ऐकू आला. त्यात राग किती आणि सुटका किती, ते नुजहतला कळलं नाही. अब्बांनी हात फडक्याला पुसले आणि तिच्यापुढे पसरले.

“फोन आण.”

“कोणाले, अब्बा?”

“पुसदले. आत्ताच करा लागन,” अब्बा रस्त्याकडे बघत म्हणाले. मोटार तशीच टाकून फकिरा लगबगीनं स्टँडच्या वाटेला लागला होता. “त्या भल्या माणसाइले ही गोष्ट फकिराच्या तोंडून कळू नये.”